परतीचा उजेड: वाळवंटी घळींचे फोटो काढायला नाशिकमध्ये राहून कसं शिकावं

सराफ बाजाराच्या आसपास जुन्या वाड्यांमधून जाणारे काही बोळ अजून शिल्लक आहेत. त्यातला एखादा निवडा, शक्यतो उत्तर-दक्षिण जाणारा, आणि डिसेंबरात सकाळी दहाच्या सुमारास तिथे जाऊन उभे राहा. दोन्ही हात पसरले की बोटं भिंतींना टेकतील असा अरुंद बोळ हवा. पश्चिमेकडच्या भिंतीच्या वरच्या भागावर ऊन पडलेलं असेल. ती भिंत पिवळ्या किंवा केशरी रंगाने रंगवलेली असेल तर तिच्याकडे पाठ करा आणि समोरच्या, सावलीतल्या भिंतीकडे बघा. तिच्यावर उन्हाचा एक कवडसाही नाही, तरी ती आतून दिवा लावल्यासारखी दिसते. समोरच्या भिंतीवर ऊन आपटलं, तिचा रंग त्याने अंगावर घेतला आणि ते परत फिरून इकडे आलं.

मी याला ‘परतीचा उजेड’ म्हणतो. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनामधली अँटेलोप कॅन्यन असो की जॉर्डनमधल्या पेट्राची सव्वा किलोमीटर लांबीची घळवाट असो, ज्या फोटोंनी आपल्याला वेड लावलेलं असतं त्यांतली बहुतेक जादू या परतीच्या उजेडाची असते. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं पहिला प्रश्न विचारतात, ‘काका, कोणता कॅमेरा घेऊ?’ मी त्यांना आधी बोळात पाठवतो. हातातला मोबाइल त्यासाठी पुरतो.

या लेखात मी त्याच क्रमाने जाणार आहे: आधी दगड, मग ऊन, मग कॅमेरा आणि शेवटी प्रवास. उलट क्रमाने शिकलेला माणूस जैसलमेरला जाऊन हात हलवत परत येतो. पहिल्या वेळी मी तसाच आलो होतो.

दगडाची ओळख

आपण नाशिककर काळ्या कातळात वाढलो. ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहर, रामशेज हे सगळं बेसाल्ट आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचे थर थिजून तो तयार झाला. हा दगड गडद, घट्ट आणि बारीक कणांचा. त्याच्यावर पडलेल्या उन्हातलं फार थोडं परत फिरतं, आणि जे फिरतं त्याला स्वतःचा असा रंग नसतो.

वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण थरावर थर साचून, दाबले जाऊन, एकमेकांना चिकटून झालेला दगड. त्याचे पापुद्रे, लाटांसारख्या रेषा, तिरके थर म्हणजे कधीकाळच्या वाळूच्या टेकड्यांच्या किंवा नदीपात्राच्या खुणा असतात. त्याचा पृष्ठभाग खरखरीत, चमक नसलेला. असा पृष्ठभाग आरशासारखा एकाच दिशेला उजेड फेकत नाही, सगळीकडे पसरवतो. त्यात वाळूच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो. लाल छटा येते ती हेमटाइटमुळे, पिवळी येते ती पाणी धरून ठेवणाऱ्या लोहसंयुगांमुळे. कुंड्यांना आणि तुळशीवृंदावनाला लावायचा गेरू म्हणजेही हेमटाइट असलेली माती. म्हणजे जगप्रसिद्ध घळींचा रंग आपल्या अंगणात आधीपासूनच आहे, आणि पुढचा प्रयोग त्याच्यावरच उभा आहे.

गच्चीवर घळ बांधा

दोन जाड पुठ्ठे घ्या, दीड-दोन फूट उंचीचे. गेरू पाण्यात कालवून दोन्हींच्या आतल्या बाजूंना दोन हात द्या. वाळल्यावर पुठ्ठे जरासे वाकवून, मध्ये चार-पाच बोटांचं अंतर ठेवून गच्चीवर उभे करा. घळ उत्तर-दक्षिण ठेवा. मागे विटा लावा, नाहीतर वाऱ्याने पडतील. सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत दर अर्ध्या तासाने मोबाइल घळीच्या तोंडाशी नेऊन एक फोटो काढा. जागा बदलू नका, झूम करू नका.

संध्याकाळी ते नऊ फोटो ओळीने लावून बघा. सावलीतल्या पुठ्ठ्याचा वरचा काठ थंड, निळसर दिसेल, कारण त्याला फक्त आकाशाचा उजेड मिळतो. त्याखाली केशरी पट्टा दिसेल. तिथे समोरच्या उन्हाळलेल्या पुठ्ठ्याचा उजेड येऊन पडतो. अगदी तळाशी रंग गर्द तांबडा होत जातो, कारण तिथे पोचलेला उजेड दोनदा-तीनदा आपटलेला असतो आणि प्रत्येक वेळी गेरूचा रंग आणखी घेतो. निळा, केशरी, तांबडा हा उतरता क्रम खऱ्या घळीतही अगदी असाच असतो.

आता यातल्या उन्हाच्या बाजूच्या पुठ्ठ्याला आतून कोळशाची पूड चोळा आणि तोच प्रयोग पुन्हा करा. समोरचा केशरी पट्टा जवळजवळ मावळेल. आपल्या सह्याद्रीतल्या घळी आतून का पेटत नाहीत, हे या एका कृतीत डोळ्यांना कळतं. मी हा प्रयोग कितीतरी जणांकडून करवून घेतला आहे. तो टाळून पुढे गेलेल्यांना फोटोत काय चुकलं ते महिनोन्महिने उमगत नाही.

उन्हाचं वेळापत्रक

सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. हात पुढे ताठ करून मूठ धरली तर ती आकाशात साधारण १० अंश झाकते. संध्याकाळी कड्याच्या माथ्यापासून सूर्य एक मूठ वर असेल तर आपल्या अक्षांशावर हातात चाळीस-पंचेचाळीस मिनिटं आहेत, असा अंदाज धरा. मोबाइलवर सूर्याची दिशा दाखवणारी अ‍ॅप आहेत, ती जरूर वापरा. पण घळीत रेंज नसते आणि मूठ कायम सोबत असते.

‘सोनेरी तास’ हा शब्द सगळे वापरतात. नाशिकसारख्या २० अंश अक्षांशावर सूर्य उभाच खाली उतरतो. क्षितिजाच्या वर ६ अंश असल्यापासून तो मावळेपर्यंत पंचवीस ते तीस मिनिटंच लागतात. म्हणून ऊन सोनेरी झाल्यावर जागा शोधत फिरू नका. जागा सकाळीच शोधून ठेवलेली हवी.

दुपारचे बारा म्हणजे सूर्य डोक्यावर, ही समजूतही सोडा. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि नाशिक त्याच्या बरंच पश्चिमेला, ७३.८ अंशांवर आहे. त्यामुळे इथे सूर्य सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी माथ्यावर येतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १२:१९ च्या आसपास येतो, फेब्रुवारीच्या मध्यात १२:४९ च्या आसपास. जैसलमेर आणखी पश्चिमेला, म्हणून तिथे आणखी अकरा-बारा मिनिटं उशीर. खुल्या माळावर या मिनिटांना किंमत नाही. पण एखाद्या अरुंद घळीच्या तळाला दिवसातून वीस मिनिटंच ऊन मिळत असेल तर ही मिनिटंच सगळं ठरवतात.

अक्षांशाचाही असाच फरक पडतो. मेच्या विसाव्या तारखेच्या आसपास नाशिकमध्ये सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तेव्हा कितीही खोल उभ्या घळीच्या तळाला थेट ऊन पोचतं. अँटेलोप कॅन्यन ३७ अंशांच्या जवळ आहे. तिथे जूनच्या शेवटच्या पंधरवड्यातही सूर्य सुमारे ७६ अंशांपर्यंतच चढतो आणि डिसेंबरात जेमतेम ३० पर्यंत. तिथल्या छताच्या फटीतून खाली उतरणारे ते प्रसिद्ध उन्हाचे झोत म्हणूनच साधारण मार्चच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, भर दुपारच्या आगेमागे दिसतात. हिवाळ्यात झोत नसतात, पण भिंतींवरचा परतीचा उजेड मऊ आणि शांत असतो. मला स्वतःला झोतांपेक्षा तो जास्त आवडतो.

एका दिवसात वालुकाश्माचा रंग कसा फिरतो ते थोडक्यात सांगतो. पहाटे दगड निळा-जांभळा, सावल्या नाहीत, थरांच्या रेषा स्पष्ट. उगवतीला फक्त कड्याचे माथे पेटतात. पायथा निळा राहतो आणि हा थंड-उबदार रंगांचा विरोध दहा-पंधरा मिनिटं टिकतो. नऊ ते अकरा आणि दोन ते चार या वेळा घळींच्या: बाहेर ऊन करकरीत झालेलं असतं, बहुतेक फोटोग्राफर कॅमेरा गुंडाळून चहाला गेलेले असतात आणि आतल्या भिंती त्याच वेळी सगळ्यात सुंदर असतात. मावळतीला उघडे कडे तांबडे होतात. सूर्य गेल्यावर लगेच ट्रायपॉड मिटू नका. पश्चिमेचं आकाश तापलेलं असतं आणि पूर्वेकडचे कडे त्या उजेडात दहा-वीस मिनिटं हळूहळू गुलाबी होऊन विझतात. ढगाळ दिवस आला तरी वाईट वाटून घेऊ नका. तेव्हा दगडाचे पापुद्रे, भेगा, काळपट खनिजलेपाचे ओघळ टिपावेत.

कॅमेऱ्याच्या पायऱ्या

सगळ्यात आधी फाइल ‘रॉ’ ठेवा, म्हणजे सेन्सरवर आलेली सगळी माहिती कॅमेरा न छाटता जपतो. जैसलमेरच्या माझ्या पहिल्या खेपेत मी सगळं जेपेगमध्ये काढलं आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची रंगछटा ठरवणारी सेटिंग, ‘ऑटो’वर सोडला. मावळतीचा किल्ला डोळ्यांना मधासारखा दिसत होता. कॅमेऱ्याने तो पिवळेपणा म्हणजे दोष समजून धुऊन टाकला आणि घरी आलो तो राखाडी-पांढरा किल्ला घेऊन. जेपेगमधून तो रंग परत आणता आला नाही. त्या संध्याकाळची हळहळ अजून जात नाही, म्हणून हे पहिलं सांगतोय.

व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर, म्हणजे ५५०० केल्विनच्या आसपास, कायम ठेवा. मग पहाट निळी राहते, मावळत तांबडी राहते आणि परतीचा उजेड केशरी. खोल सावलीत काही जण ‘शेड’ लावतात. त्याने केशरी वाढतो, पण वरच्या काठाचा निळा मरतो. तो निळा होता म्हणून तर केशरी केशरी दिसत होता.

मग एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते. मोड मॅन्युअल, आयएसओ (उजेडाबद्दलची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं ते लहान) एफ/८ ते एफ/११. एफ/२२ पर्यंत जाऊ नका, प्रकाशाच्या विवर्तनामुळे कडा मऊ पडतात. कॅमेरा ट्रायपॉडवर असल्यामुळे शटरचा वेग कितीही असू द्या. खोल घळीत तो काही सेकंदांपर्यंत जातो आणि दगड काही हलत नाही. दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का लागणार नाही.

कॅमेऱ्याचा मीटर समोर दिसेल त्याला मध्यम राखाडी समजतो. उजळ वाळू त्याला दिली तर फोटो काळवंडतो, म्हणून पाऊण-एक स्टॉप वाढवावा लागतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). आपला काळा कातळ दिला तर फोटो फिका येतो, तिथे तेवढाच कमी करावा लागतो. नाशिकमध्ये सराव केलेल्यांचा हात कमी करण्याकडे वळलेला असतो आणि वाळवंटात तेच अंगाशी येतं. हे आधीच लक्षात असू द्या.

आता नवशिक्यांना कोणी सहसा सांगत नाही अशी एक गोष्ट. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाच्या वाटणीचा आलेख, बघताना पांढरा एकत्रित आलेख पाहू नका, लाल-हिरवा-निळा असे वेगळे आलेख चालू करा. उन्हातल्या लाल दगडात लाल रंग सगळ्यात आधी काठोकाठ भरतो. एकत्रित आलेख ‘सगळं ठीक’ म्हणत असतो आणि इकडे लाल वाहिनी ओसंडून गेलेली असते. मग त्या जागी थरांच्या रेषा नाहीशा होतात, उरतो नुसता केशरी डाग. लाल आलेख उजव्या भिंतीला टेकला की शटर थोडा जलद करा, टेकणं सुटेपर्यंत.

आकाशाचं काय करायचं? घळीतून दिसणारी आकाशाची चीर आतल्या भिंतींपेक्षा कितीतरी पट उजळ असते. ती फ्रेममध्ये घेतली की एकतर ती पांढरी फटक होते किंवा भिंती काळ्या होतात. पहिलं वर्षभर ती सरळ कापून टाका. खऱ्या घळीत गेल्यावर कॅमेरा थोडा खाली झुकवा, एवढंच. चीर घ्यायचीच असेल तर एकाच जागेवरून तीन फोटो काढा, एक मोजलेला, एक दोन स्टॉप कमी, एक दोन स्टॉप जास्त, आणि घरी ते जोडा. त्याच भिंतीवर थेट ऊन आणि गडद सावली दोन्ही असतील तर मी फोटो काढतच नाही. दहा मिनिटं थांबतो. ऊन सरकतं.

फोकससाठी एक साधा हिशेब देतो. क्रॉप (म्हणजे थोड्या लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर नेहमीची किट लेन्स १८ मिलिमीटरला आणि अ‍ॅपर्चर एफ/११ ला ठेवून दीड मीटरवर फोकस केलं, तर साधारण पाऊण मीटरपासून अनंतापर्यंत सगळं समाधानकारक स्पष्ट येतं. कमरेएवढ्या लांबच्या दगडापासून दूरच्या कड्यापर्यंत सगळं त्यात बसतं. मग ऑटोफोकस बंद करा. अंधाऱ्या घळीत तो पुढेमागे चाचपडत बसतो आणि तेवढ्यात उजेड निघून जातो.

पोलरायझर फिल्टर ओल्या दगडावरची चकाकी काढतो आणि खालचा रंग दाखवतो. मात्र तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो. घळीत फिरवताना डोळा फाइंडरला लावून हळू फिरवा. दगडावरची जी हलकी झळाळी आपल्याला हवी असते, तीही तो कधी कधी पुसतो.

मोबाइलवर असाल तर

लेन्स सुती कापडाने पुसा. बोटाच्या तेलकट ठशामुळे उजेडाभोवती धुकं येतं. स्क्रीनवर भिंतीच्या सगळ्यात उजळ भागावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद होईल, मग सरकपट्टीने उजेड किंचित खाली आणा. प्रो मोड असेल तर तिथे व्हाइट बॅलन्स ५५०० आणि फाइल डीएनजी (फोनमधली रॉ). अंधाऱ्या जागी अल्ट्रावाइड लेन्स टाळा, बहुतेक फोनांत तिचा सेन्सर लहान असतो आणि सावलीत चिखल होतो. नाइट मोड सावल्या इतक्या उजळवतो की घळीची खोलीच जाते. तो बंद ठेवून फोन दगडाला टेकवा आणि श्वास रोखा.

फ्रेमसाठी थोडं

नवा माणूस घळीत शिरला की सगळ्यात रुंद लेन्स लावतो, कारण सगळं मावावं असं वाटतं. मग सगळं मावतं आणि काहीच दिसत नाही. ५० ते १०० मिलिमीटरची लेन्स लावून एकच वळण, एकच सावलीची कड, निळ्यातून केशरीत जाणारा एकच पट्टा घ्या. घळीचा खरा आकार कळावा असं वाटलं तर माणूस उभा करा, तोही लहान, उजेडाच्या कडेला, साध्या रंगाच्या कपड्यांत. भडक लाल जॅकेट लाल दगडाशी भांडतं.

उघड्या कड्यांसाठी ऊन बाजूने हवं. पाठीमागून ऊन आलं तर दगड सपाट पाटीसारखा दिसतो. बाजूने आलं की प्रत्येक पापुद्र्याला स्वतःची सावली मिळते आणि खरखर हाताला लागावी तशी फोटोत उतरते.

सरावाच्या दोन जागा

पहिली पांडवलेणी. त्रिरश्मी डोंगराच्या उत्तरेकडच्या अंगावर २४ लेणी कोरलेली आहेत. उत्तरेला तोंड असल्याने हिवाळ्यात आत थेट ऊन येतच नाही. आत जो उजेड दिसतो तो आकाशाचा आणि बाहेरच्या फरसावरून उसळलेला. विहारात उभे राहून खांबांकडे बघा: वरच्या कोरीव भागाच्या खालच्या कडा उजळ असतात, कारण उजेड खालून येतोय. हा उलटा उजेड ओळखता आला की निम्मं काम झालं. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत, ट्रायपॉड परवानगीशिवाय उभा करू नका. हातात कॅमेरा धरून, आयएसओ वाढवून काम भागतं.

दुसरी जागा सांधण. घोटीवरून भंडारदऱ्याकडे, पुढे साम्रद. घळ अकोले तालुक्यात असली तरी नाशिककरांना एका दिवसात जमते. ती कातळाला पडलेली लांब, अरुंद भेग आहे, कोकणाकडे उतरत जाणारी. वाटेत थंड पाण्याचे डोह लागतात, म्हणून कॅमेरा प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत, डोक्याच्या वर. दगड काळा असल्याने इथे परतीचा उजेड क्षीण आहे. तो शोधत राहिलात तर एखाद्या उन्हात न्हालेल्या फिकट दरडीसमोर मंद राखी-सोनेरी छटा सापडते. ती सापडण्याचा आनंद मोठा असतो. पहिल्यांदा मला ती गावातल्या वाटाड्या काकांनी दाखवली. मी वर आकाशाच्या चिरीकडे कॅमेरा लावून बसलो होतो. ते म्हणाले, ‘दादा, उजेड वर नका बघू, त्या समोरच्या दगडाच्या पोटाला बघा.’ त्यांना एफ/११ माहीत नव्हतं, पण ती भिंत कधी उजळते ते त्यांना रोजच्या येण्याजाण्यातून ठाऊक होतं. गावातला वाटाड्या नेहमी सोबत घ्या आणि त्याला नीट पैसे द्या. पावसाळ्यात तिथे अजिबात जाऊ नका.

पाण्याबद्दल, थांबून वाचा

१२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर अँटेलोप कॅन्यनमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात ११ पर्यटक वाहून गेले. पाऊस घळीत पडत नव्हता, तो काही किलोमीटर वरच्या बाजूला पडला होता. कोरडी जमीन पाणी पटकन शोषत नाही, ते सगळं एका अरुंद फटीत येतं आणि पळायला बाजू नसते. घळ जितकी सुंदर, तितकी ती पाण्यानेच कोरलेली असते. त्यामुळे डोक्यावरचं आकाश निरभ्र आहे यावर विसंबू नका. वरच्या पाणलोटात काय चाललंय ते निघण्याआधी स्थानिकांना विचारा. ‘आज नको’ असं ते म्हणाले तर वाद न घालता मागे फिरा. मी दोनदा फिरलो आहे.

ओला वालुकाश्म कमकुवत होतो, कपच्या निसटतात. पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवस त्याच्या कडांवर चढू नका, हाताने लोंबकळू नका. भिंतीवर नाव कोरणाऱ्याला मात्र तिथल्या तिथे अडवा.

पहिला खरा प्रवास

माझ्या मते पहिली खेप बदामीची करावी. नाशिकहून सोलापूर, विजयपूर मार्गे सहाशेहून जास्त किलोमीटर पडतात, तरी लाल वालुकाश्माचे असे कडे आपल्याला दुसरे जवळ नाहीत. वाळवंट नव्हे, पण दगड तोच धडा शिकवतो. चालुक्यांनी सहाव्या शतकात कोरलेली लेणी, त्यातल्या तिसऱ्या लेण्यात इसवी सन ५७८ चा शिलालेख, समोर अगस्त्य तीर्थ आणि पलीकडच्या काठाला भूतनाथ मंदिर. तीन दिवस ठेवा. पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीत ठेवून फक्त वही घेऊन फिरा: कुठल्या कड्यावर किती वाजता ऊन येतं, कधी जातं. लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेच्या आसपास कड्यांमध्ये अरुंद फटी आहेत, तिथे सकाळी नऊनंतर थांबा. संध्याकाळी तलावाच्या पश्चिम काठावरून भूतनाथाकडे तोंड करून उभे राहा, ऊन तुमच्या पाठीमागून मंदिरावर आणि मागच्या कड्यावर येईल. वारा पडला तर सगळं पाण्यात दुसऱ्यांदा दिसतं. माकडांपासून पिशवी सांभाळा.

दुसरी खेप जैसलमेर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ११५६ साली वसलेला किल्ला पिवळ्या वालुकाश्माचा आणि आत अजून वस्ती आहे. त्यातल्या गल्ल्या म्हणजे सराफ बाजारातला आपला बोळ, फक्त दोन्ही भिंती मधाच्या. सकाळी दहाला तिथे पाऊल टाकलंत की तुम्हाला आपोआप कळेल कुठल्या भिंतीकडे पाठ करायची. सुमारे ४० किलोमीटरवर सम इथे वाळूच्या टेकड्या आहेत. तिथे लेन्स बदलू नका. मी एकदा बदलली आणि पुढच्या तीन दिवसांच्या प्रत्येक फोटोत आकाशात तेच ठिपके होते. वाळू बसलेली लेन्स आधी ब्लोअरने फुंका, मग ब्रश, आणि कापड सगळ्यात शेवटी. थेट कापड फिरवलंत तर वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात. ट्रायपॉडच्या सांध्यांत वाळू जाते, म्हणून वरचा सांधा आधी उघडू नका, खालचा उघडा, म्हणजे तो वाळूपासून वर राहतो. रोज रात्री पाय ओल्या फडक्याने पुसा.

परदेशातल्या घळींचा विचार त्यानंतर करा. अँटेलोप कॅन्यन नवाहो या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या भूमीत आहे, त्यांच्या वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही आणि नेहमीच्या फेऱ्यांत ट्रायपॉड नेऊ देत नाहीत. पांडवलेण्यांत हातात कॅमेरा धरून केलेला सराव तिथे कामी येतो. उन्हाळ्यात नवाहो भूमीचं घड्याळ अ‍ॅरिझोनाच्या घड्याळापेक्षा एक तास पुढे असतं आणि फोन कधी हे, कधी ते दाखवतो. म्हणून ‘वेळ कोणत्या घड्याळाची?’ असं बुकिंग करतानाच विचारून घ्या.

घरी आल्यावर

संगणकावर फोटो उघडला की हात आपोआप रंगाच्या सरकपट्टीकडे जातो. लाल दगडावर ती थोडी जरी ओढली तरी सगळ्या रेषा एका केशरी गोळ्यात बुडतात. मी आधी सावल्या किंचित उचलतो, मग उजळ भाग खाली आणतो आणि रंगाला हात लावण्याआधी फाइल बंद करून दुसऱ्या दिवशी उघडतो. गच्चीवरच्या प्रयोगातला गेरूचा एक पुठ्ठा मी अजून जपून ठेवला आहे. स्क्रीनवरचा दगड खरा वाटतो की नाही अशी शंका आली की तो पुठ्ठा खिडकीपाशी, उन्हाच्या कडेला नेतो, त्याच्याकडे मिनिटभर बघतो आणि परत येऊन सरकपट्टी मागे घेतो.